खाली दगड होता, सर

सर, परवा तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले. तीन-चार मिनिटंच बोलले, पण त्यातलं एकच वाक्य खरं होतं, की सरांनी मला दगड वाचायला शिकवलं. तुम्ही सत्याला किती मानायचात, हाताखालच्या माणसाचं म्हणणं किती मोकळेपणानं ऐकून घ्यायचात, हे सगळं मी पुढच्या रांगेत बसलेल्या माईंच्या चेहऱ्याकडे बघत बोलत गेले. तुमच्या बायकोसमोर दुसरं काय बोलणार? लोकांनी माना डोलावल्या. घरी येऊन चपला काढताना माझी मलाच शिसारी आली.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही आता उत्तर देऊ शकत नाही, हे मला कळतं. देता येत होतं तेव्हाही तुम्ही दिलं नाहीत.

चांगलं आधी सांगून टाकते, कारण ते नाकारता येत नाही. मी एम.एस्सी.ला आले तेव्हा भूशास्त्राच्या वर्गात मुलगी ही थट्टेची गोष्ट होती. हातोडा घेऊन डोंगरात फिरायला निघालेली पोरगी म्हणून घरचे हसत, बाहेरचे हसत. तुम्ही हसला नाहीत. रामटेकच्या पुढे पहिल्या सहलीला नेलंत, तिथल्या एका टेकाडावर काहीएक न बोलता माझ्या हातावर काळा दगड ठेवलात. मुठीएवढा दगड, पण मनगट खाली गेलं. "आता विचार," तुम्ही म्हणालात, "एवढा जड का."

मी विचारलं, आणि तुम्ही तासभर सांगत राहिलात. आपण उभे आहोत तिथे समुद्र होता. त्यात मासा नव्हता, शिंपला नव्हता, काठावर गवताचं पातं नव्हतं. पाण्यात विरघळून आलेलं मँगनीज पाण्याची तऱ्हा बदलली की तळाशी बसायचं. त्यावर वाळू, त्यावर चिखल, असे थर चढत गेले. मग ते सगळं पृथ्वीच्या पोटात खोल गेलं, तापलं, दाबलं गेलं, दुमडलं. चिखलाचा चकाकणारा अभ्रकी खडक झाला, वाळूचा गारेसारखा, म्हणजे गारगोटीसारखा, कठीण खडक झाला, आणि काळ्या थराचा हा जड दगड. पुढे कितीतरी काळानं वरचे खडक झिजले, त्या थराची कड उघडी पडली, आणि पावसाचं पाणी तिच्यात मुरत राहिलं. पाण्यानं नको ते धुऊन नेलं आणि मँगनीज मागे ठेवलं.

मी विचारलं, याचा उपयोग काय? तुम्ही दूर दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळाकडे बोट केलंत. लोखंडात गंधक राहिला तर तापलेलं पोलाद लाटताना कडेनं फाटतं, ज्वारीची भाकरी फाटते तसं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं. रूळ, पूल, नांगराचा फाळ, काहीही घ्या, या काळ्या दगडाशिवाय टिकत नाही. म्हणून विशाखापट्टणच्या बंदरात जहाजं याची वाट बघत उभी असतात, आणि म्हणून या रानात कुणी खाणी खोदल्या, वस्त्या वसवल्या, शाळा काढल्या. "दगड आहे तोवर वस्ती आहे," असं तुम्ही म्हणालात. ते मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं.

मुक्कामी आलो तेव्हा स्वयंपाक्याकडून तुम्ही कणकेचा गोळा मागितलात. त्याची जाड पट्टी केलीत, मधोमध दुमडलीत आणि दोन्ही बाजूंनी दाबलीत. बाजू पातळ झाल्या, वाकणाशी कणीक गोळा झाली. "खडकाचा थरही असाच वागतो," तुम्ही म्हणालात. "बाजू पातळ झाली म्हणून घाबरायचं नाही. वाकण शोधायचं." स्वयंपाक्याला ती कणीक परत देताना तुमच्या बोटांना लागलेली काळी पूड तिच्यात गेली होती. तो कुरकुरला, आपण सगळे हसलो. त्या संध्याकाळी मी ठरवलं, हेच करायचं. त्याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे. आणि त्याच कारणानं पुढचं तुम्हाला माफ करू शकत नाही.

कॉलेज सोडून तुम्ही खाणकंपनीत मुख्य भूशास्त्रज्ञ म्हणून गेलात आणि वर्षभरात मलाही तिथे घेतलंत. नागपुरात सीताबर्डीवरच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीशी होतं. बोअरमधून निघालेले दगडाचे दंडगोल तपासायचे, त्यांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, नकाशे काढायचे, ही माझी कामं. खाली उतरायचं नाही. बाईनं जमिनीखाली काम करायला कायद्यानंच बंदी होती. त्यामुळे मी खाणीच्या तोंडाशी उभी राहायची आणि तुम्ही वर आलात की प्रश्न विचारायची. थर किती जाड होता, कोणत्या बाजूला कलला होता, खालच्या खडकाचा रंग कसा. खालचं जग मी तुमच्या डोळ्यांनी बघत होते. दुसरे डोळे मला नव्हते, आणि हे तुम्हाला माहीत होतं.

तिथेच सुगंधाबाई भेटली. तुम्हाला ती आठवली नाही, म्हणून सांगते. पत्र्याच्या शेडखाली वीसेक बायका दगड फोडून निवडायला बसत, त्यांतली ती सगळ्यांत जुनी. चांगला दगड एकीकडे, गारेचा भाग मिसळलेला दुसरीकडे. बघायची गरज तिला पडत नसे, हातात घेतला की कळे. मी प्रयोगशाळेत दोन दिवस लावून जे काढायची ते ती तळहातावर सांगायची. तिची मुलगी खाणीच्या शाळेत चौथीत होती, नवरा खाली सुरुंगाच्या कामावर. मी गेले की तिच्या डब्यातला ठेचा मला मिळे. "खाय वं पोरी, शहरात असा भेटत नाई," म्हणायची. साहेबाच्या हाताखालची बाई म्हणून इतरांसमोर मात्र मला "बाई" म्हणायची.

आणीबाणीच्या आधीच्या वर्षी खालच्या पातळीवर थर पातळ होऊ लागला. छातीएवढा होता, तो गुडघ्याएवढा झाला, मग वीतभर. मालकांचं लक्ष आधीच उडालं होतं. त्यांना कळमेश्वरला कारखाना काढायचा होता आणि खाण डोक्यावरून उतरवायची होती. खाली काही उरलेलं नाही असा तुमचा अहवाल मिळाला की त्यांचं काम होणार होतं.

मी सगळ्या जुन्या बोअरचे दंडगोल पुन्हा काढले. त्यांतल्या थरांचे कल मांडले. तीन आठवडे नकाशावर बसले, आणि मला घडी दिसली. आपण खणत होतो ती तिची ताणलेली, पातळ झालेली बाजू होती. वाकण पूर्वेला होतं, आणि बहुधा पूर्वेकडेच खाली उतरत जात होतं. फक्त एक गोष्ट पक्की करायची होती. खालच्या पातळीवर भिंतीत बोटाएवढ्या, हाताएवढ्या बारक्या घड्या असतात. मोठी घडी जिकडे उतरते तिकडेच त्या उतरतात. होकायंत्र लावून त्यांचा उतार मोजला की झालं. दहा मिनिटांचं काम. मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं, कुठल्या भिंतीवर बघा ते. तुम्ही कागद खिशात घातलात.

दुपारी वर आलात. मी तोंडाशीच उभी होते. तुम्ही शिरस्त्राण काढलंत, पाणी प्यायलात आणि म्हणालात, काही दिसलं नाही, भिंत फार तुटलेली आहे.

पुढच्या आठवड्यात अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. त्यात म्हटलं होतं की वरचा चांगला दगड हा केवळ पावसाच्या पाण्यानं पोसलेला होता, खाली आहे तो गारेनं भरलेला, भट्टीला न चालणारा खडक, आणि तोही संपत आला आहे. मी मसुदा घेऊन तुमच्या खोलीत आले.

"सर, बाजू पातळ झाली म्हणजे थर संपला असं नसतं. हे तुम्हीच शिकवलंत."

"कणीक वेगळी, खडक वेगळा."

"मग पूर्वेला एक बोअर घेऊ या. एकच."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. परत डोळ्यांवर ठेवलात. मग अगदी शांतपणे म्हणालात, "नलिनी, तू खाली गेलेली नाहीस."

सर, एवढ्या वर्षांत मला पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. त्यातलं काही लक्षात नाही. हे वाक्य आहे. कायद्यानं माझ्या तोंडावर लावलेलं दार तुम्ही पुरावा म्हणून वापरलंत. मी खरंच खाली गेले नव्हते.

तुम्ही मला नकाशावरची पूर्वेकडची ठिपक्यांची रेघ काढून टाकायला सांगितलीत. ती रेघ म्हणजे माझी घडी होती. मी टेबलाशी गेले, ब्लेड घेतलं आणि नकाशाच्या कापडावरची शाई खरवडली. कापड तिथे जरा खरखरीत झालं, बाकी काही कळत नव्हतं. नकाशाच्या कोपऱ्यात रेखन म्हणून माझं नाव होतं. ते मी तसंच ठेवलं.

खाण तीन महिन्यांत बंद झाली. पंप थांबले, खाली पाणी भरलं. शाळेचे मास्तर बदली घेऊन गेले. मी शेवटची गेले तेव्हा शेडचे पत्रे काढून झाले होते आणि सुगंधाबाई बिऱ्हाडाचं सामान बांधत होती. तिनं मला सरळ विचारलं, खाली दगड खरंच सरला का? मी म्हणाले, तसं म्हणतात. तिनं मान हलवली आणि पेटीला दोरी आवळली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

दोन वर्षांनी मी नोकरी सोडून कॉलेजात शिकवायला लागले. लोकांना वाटलं, लग्न नाही, घर नाही, बाई खाणीला कंटाळली. तुम्हीही निरोपसमारंभात तसंच काहीतरी बोललात आणि मला शाल दिलीत. ती मी अजून वापरलेली नाही. आणखी दोन वर्षांनी सक्करदऱ्याला मी राहायला आले, त्याच सुमारास तिथल्या तलावाच्या बाजूला इमारतीचं काम चालू होतं, तिथे मला डोक्यावर घमेलं घेतलेली सुगंधाबाई दिसली. नवरा गिट्टीच्या खदानीवर गेला होता. तिथली धूळ त्याच्या छातीत बसली, तीन वर्षांत गेला. मुलीची शाळा चौथीतच सुटली होती. हे तिनं मला घमेलं खाली न ठेवताच सांगितलं, कारण मुकादम बघत होता. त्यानंतर मी तिच्याकडे जात राहिले, सणासुदीला, आजारपणात. ती मला चांगली माणूस समजत होती.

मग दुसऱ्या एका कंपनीनं शेजारची जमीन भाड्यानं घेतली आणि बोअर मारले. माझी खरवडलेली रेघ जिथे होती, जवळजवळ तिथेच त्यांना थर लागला. दोन पुरुष उंचीचा, आणि खालपर्यंत चांगला. बातमी नागपुरात पसरली. भूशास्त्राच्या लोकांची सभा भरली, तुम्हाला निवृत्त ज्येष्ठ म्हणून मानानं बोलावलं. मी तिसऱ्या रांगेत होते. तुम्ही उभे राहून म्हणालात की पूर्वेकडे थर असावा असा तुमचा कयास पहिल्यापासून होता, पण त्या वेळच्या व्यवस्थापनाला घाई होती. टाळ्या झाल्या. तुम्ही बसताना मला बघितलंत आणि हसून मान हलवलीत, जणू हे आपल्या दोघांचं गुपित आहे.

त्या दिवसापासून गेल्या महिन्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात माईंचा निरोप आला, सर धंतोलीला दवाखान्यात आहेत, तुझं नाव काढतात. मी यायला नको होतं असं आता वाटतं. तुमचे हात सुजले होते, आवाज बारीक झाला होता. माई औषधं आणायला खाली गेल्या आणि तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "मी मोजला होता उतार."

मला आधी कळलंच नाही.

"त्याच भिंतीवर. तू लिहून दिलं होतंस तिथेच. चांगल्या चार घड्या होत्या. सगळ्या पूर्वेला."

मी विचारलं, मग का? मला वाटलं तुम्ही मालकांचं नाव घ्याल, दबाव होता म्हणाल. त्यावर मला तुमची दयाही आली असती. तुम्ही अंगावरची चादर नीट केलीत. मग म्हणालात, "तुझं बरोबर होतं. मी इतकी वर्षं खाली उतरत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. तू वर बसून काढलंस. मला ते सहन झालं नाही."

एवढंच होतं, सर? एका वस्तीची चूल, एका शाळेची घंटा, त्या माणसाची छाती, या सगळ्याच्या समोर तुम्ही एवढंच ठेवलं होतं?

मी तुम्हाला म्हटलं, हे दोन ओळीत लिहून द्या. मी तुमच्यापुढे वही धरली. तुम्ही म्हणालात, आता कुणाला उपयोग आहे त्याचा? मी म्हटलं, सुगंधाबाईला. तुम्ही माझ्याकडे बघून खरोखर आठवायचा प्रयत्न केलात. कपाळाला आठ्या पडल्या. मग विचारलंत, "कोण सुगंधाबाई?"

मी वही मिटून पिशवीत टाकली. माई जिन्यात भेटल्या, फळं कापते, थांब म्हणाल्या. मी थांबले नाही. माईंचे आणखी दोन निरोप आले. मी आले नाही. मला काम नव्हतं, ताप नव्हता, मी नुसती आले नाही, हे तुम्हाला कळावं. तुम्ही गेलात हे मला कॉलेजात, तास चालू असताना कळलं, आणि मी तास पुरा केला.

काल मी सुगंधाबाईकडे गेले. तलावापलीकडच्या वस्तीत एका खोलीत ती आणि तिची मुलगी राहतात. ती तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही मोजलं होतंत ते, खोटं बोललात ते, आणि का ते. मग नकाशा, ब्लेड, माझं नाव आणि शेवटच्या दिवशी मी तिला दिलेलं उत्तर, तेही सांगितलं. तुमचं पाप सांगून थांबले असते तर माझं ओझं उतरलं असतं. तेवढी सोय मी स्वतःला दिली नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. सुपातले तांदूळ एका बाजूला करत म्हणाली, "म्हणजे दगड होता."

"होता."

"माहा नवरा म्हणे, खाली अजून माल आहे. मी त्याले म्हणत होती का बाईनं सांगतलं, सरला. बाई खोटं काहून बोलंल?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दहा वर्सं मी समजत होती का दगडच सरला," ती म्हणाली. "दगडावर राग येत नाई, बाई. आला दिवस काढला. आता तुमी दोन माणसायचं नाव सांगून राहिल्या. त्यातलं एक तर मरून गेलं. मी आता या वयात हा राग घेऊन कुठी जाऊ?"

मी म्हटलं, माझ्यावर काढ. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुमी जा आता." मुलीनं चहा टाकला होता, तो तिनं खुणेनंच थांबवायला सांगितला.

सर, तुम्ही सुटलात. तुमच्या फोटोला हार आहे, माई आहेत, परवाच्या सभेचं माझं भाषणही आहे. तुमच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. पण आता तो एकट्या तुमच्यावर टाकता येत नाही, याचाही मला रागच आहे. त्या अहवालाबद्दल मी नव्यानं लिहायला घेतलं आहे. त्यात तुमच्या चार घड्या असतील आणि माझं ब्लेडही असेल, दोघांच्या नावांनी. छापायला कुणी घेईल की नाही, ठाऊक नाही.

आणि येत्या रविवारी मी पुन्हा सक्करदऱ्याच्या त्या वस्तीत जाणार आहे. ती दार उघडेल असं मला वाटत नाही.